कांदा चालतो

सुपावर हिरवं काहीतरी तरंगत होतं. बारीक चिरलेली कांद्याची पात. चिमूटभरच, पण पांढऱ्यावर हिरवं लपत नाही, आणि रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात हयात गेलेल्या माणसापासून तर मुळीच लपत नाही. त्याचा हात आपोआप वर गेला. वेटरकाका आले. गुडघे गेल्यामुळे ते टेबलांच्या मधून होडीसारखे डुलत यायचे, आणि त्यांच्या हातातल्या सुपाची गिऱ्हाइकांना कायम धास्ती असायची. "हे काय आहे?" त्याने विचारलं. "सूप," काका म्हणाले. "ते कळलं. त्याच्यावर काय आहे?" काकांनी वाकून पाहिलं. "आचारी नवा आहे हो. हौशी आहे जरा." "हौशी असू दे. हिला कांदा चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. पात म्हणजे कांदाच. नुसती वरची काढून आणू नका, वास राहतो. दुसरं आणा." हे तो फार अधिकाराने बोलला. एरवी त्याचा आवाज असा की बसमध्ये स्वतःचा स्टॉपसुद्धा त्याला दोनदा सांगावा लागे. पण या टेबलापाशी, कांद्याच्या बाबतीत, त्याला कंठ फुटायचा. बाप म्हणून जे काही येत होतं त्यातलं हे त्याला सगळ्यात चांगलं येत होतं. समोर चमचा भांड्याला लागल्याचा आवाज झाला. मुलगी सूप पीत होती. पातीसकट. एक हिरवा तुकडा तिच्या खालच्या ओठावर चिकटला, तो तिने जिभेने आत घेतला आणि चावला. "राहू द्या काका," ती वेटरकाकांना म्हणाली. "कांदा चालतो मला."

काका डुलत निघून गेले. त्यांना काय, एक खेप वाचली. तो मात्र हात अर्धा वर धरून तसाच बसला. मग तो हात परत खाली आणायला काहीतरी निमित्त हवं म्हणून त्याने केसांवरून फिरवला. आजचा दिवस साधा नव्हता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याचा पहिला रविवार, दुपारचं जेवण, बापाबरोबर, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं ते मुलगी सज्ञान होईपर्यंत. मागच्या महिन्यात ती सज्ञान झाली. म्हणजे मागच्या भेटीपर्यंत ती कागदाप्रमाणे येत होती. आजची पहिली भेट अशी की तिने न यायचं ठरवलं असतं तरी कुणी काही म्हणू शकलं नसतं. ती आली होती. पण एकदा येणं म्हणजे निरोप घ्यायला येणंही असू शकतं, माणसं तेवढी सभ्य असतात, आणि तिची आई तर नक्कीच तेवढी सभ्य होती. आठवडाभर तो एकच वाक्य जुळवत होता, शेड जुळवतात तसं, थेंबाथेंबाने: ‘पुढच्या महिन्यात येशील ना?’ यात ‘ना’ जास्त होतं. ‘पुढच्या महिन्यात भेटू या,’ हे फार खात्रीचं. ‘जमलं तर ये,’ यात तर नकाराची सोय त्यानेच करून दिल्यासारखी. हे वाक्य सुपानंतर बोलायचं असं त्याने ठरवलं होतं. सूप हे त्याचं भरवशाचं होतं. बटाट्याचं पांढरं सूप, मिरी नको, कांदा नको, वर काही नको. सोबत कडा काढलेला पाव. ती यायच्या आधीच तो सांगून ठेवायचा, म्हणजे ती येऊन बसते न बसते तोच समोर यायचं, आणि कापलेल्या कडा काका न सांगता वेगळ्या बशीत त्याच्यासाठी आणून ठेवायचे. इतक्या वर्षांत त्याने इथे स्वतःसाठी काही मागवलं नव्हतं. कडा खायचा.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"काय केव्हापासून?"

"कांदा."

ती हसली. "बाबा, तू असं विचारतोयस जसं काही मी सिगरेट ओढायला लागले."

सिगरेट परवडली असती. सिगरेटबद्दल काय बोलायचं ते सगळ्या बापांना ठाऊक असतं. कांद्याबद्दल त्याच्याकडे काहीच तयार नव्हतं. तिला दात आले तेव्हापासून ती पांढरं खायची. भात, दूध, बटाटा, पावाचा आतला भाग, अंड्याचा पांढरा. पिवळा बलक दिसला की ती ताट असं लांब सारायची की जणू त्यात डोळा निघालाय. तो तिला बगळू म्हणायचा. बगळू एक पाय दुमडून खुर्चीवर बसायची आणि प्रत्येक घास नाकाजवळ नेऊन तपासायची, आणि त्याला, इतरांना तिचा जो राग यायचा तो यायचा नाही. त्याला वाटायचं, ही माझ्या खात्यातली आहे. कारखान्यात तो पांढऱ्यांचा माणूस होता. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे रंग नसणं. त्याच्या कपाटात पांढऱ्याच्या पट्ट्याच पट्ट्या होत्या: साय, खडू, कापूस, शिंपला, मीठ, जुना कागद. एकदा दुकानदाराने दुसऱ्या डेअरीचं दूध दिलं, तर बगळू पेल्यात बघून म्हणाली, "हे पांढरं वेगळंय." आईने कपाळावर हात मारला. त्याने पेला खिडकीत उजेडाला धरला. वेगळं होतं. किंचित निळ्याकडे झुकलेलं. घरात आपण एकटे नाही, असं त्याला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा. आणि हे तो बायकोसमोर बोलूनही गेला, हे नंतर बऱ्याच ठिकाणी निघालं.

मुलांच्या डॉक्टरांकडे नेली तर ते म्हणाले, लहान जिभेला कडू फार लागतं, आपल्याला जे जरासं वाटतं ते त्यांना विषासारखं वाटतं. वय वाढलं की जीभ शहाणी होते, वाट बघा. त्याने वाट बघितली. तोवर एका घरात दोन पातेली चढत होती, एक सगळ्यांचं आणि एक पांढरं, आणि पांढरं तो स्वतः चढवायचा, कारखान्यातून आल्यावर, हात धुऊन, नखांत राहिलेल्या रंगासकट. बायको ओट्याला टेकून बघायची. "ती खात नाही म्हणून तू करतोस," ती म्हणायची, "का तू करतोस म्हणून ती खात नाही?" त्याला ते भांडण वाटायचं. बऱ्याच वर्षांनी, एकट्याच्या खोलीत एकच पातेलं विसळताना त्याच्या लक्षात आलं की तो प्रश्न होता, आणि तिला उत्तर हवं होतं. सासूबाई म्हणायच्या, जिभेचे चोचले पुरवणारा बाप मिळाला पोरीला. बहीण म्हणायची, उपाशी ठेव दोन दिवस, दगड खाईल. तो कुणालाच काही म्हणायचा नाही. त्याने फक्त एक नियम काढला होता, पाहुण्याचा नियम. नवी भाजी ताटात आली की तिला पाहुणा म्हणायचं. पाहुणा दारात आलाय, त्याला एकदा आत घ्यायचं. राहा म्हणायची सक्ती नाही. बगळूने नियम लगेच मान्य केला. वाटाणा आत घेतला, डोळे मिटून आकड्यांसारखं काहीतरी पुटपुटली, आणि हातावर परत काढून ठेवला. "पाहुणा गेला," ती म्हणाली. गाजर गेलं. भोपळा आला आणि गेला. फुलकोबी पांढरी असूनही गेली, कारण तिचा वास पांढरा नव्हता. त्या घरात एकही पाहुणा मुक्कामाला राहिला नाही, आणि शेवटी तोच निघाला, दोन बॅगा आणि एक पातेलं घेऊन.

"ऐकतोयस का?" मुलगी म्हणाली. "मी काय म्हणाले?"

"काय?"

"कॉलेजचं वसतिगृह मिळालं. पुढच्या महिन्यात तिकडे जाणार. खोलीत तिघी आहोत."

"अरे वा," तो म्हणाला. तिकडे म्हणजे बसने अर्धा दिवस. "तिथलं जेवण कसं असतं? म्हणजे तू काय..."

"बाबा. मी खाते सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. वांगी खाते. पालक खाते. कारलं नाही आवडत, पण चालतं."

चालतं. हा शब्द तिच्या तोंडून त्याने आज पहिल्यांदा ऐकला का? असं कसं होईल. पण तो आठवायला लागला तर आठवेना. बगळूकडे दोनच शब्द होते, ‘आवडतं’ आणि ‘नको’, आणि या दोघांच्या मधे जागाच नव्हती. चालतं हा मोठ्या माणसांचा शब्द. मोठी माणसं चालतं म्हणतच मोठी होतात. नोकरी चालते, खोली चालते, भिंतीवरचा ओलावा चालतो. शेड खात्यात या शब्दाला सगळे घाबरून असत. साहेब नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे: जो कटकट करतो तो आपला, तो परत येतो, त्याला नेमकं काहीतरी हवं असतं. जो म्हणतो ‘कुठलाही पांढरा चालेल’, त्याच्यापासून जपा. तो भांडत नाही, तक्रार करत नाही, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो.

"त्या घरी," तो म्हणाला, आणि थांबला. त्या घराला तो ‘त्या घरी’च म्हणायचा. तिच्या आईने नंतर दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं, माणूस सज्जन होता, एकदा रस्त्यात भेटला तेव्हा त्याने आपणहून याच्या एका दाताबद्दल काळजी दाखवली होती. "त्या घरी तुला कुणी जबरदस्ती...?"

"छे. डॉक्टरकाका तसले नाहीत." ती चमचा भांड्यात गोल फिरवत होती. "उलट कुणी काही बोललंच नाही. पहिल्या दिवशी वांगं होतं. सगळे आपापलं जेवत होते. काकांची आई, काका, आई. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं, म्हणजे बघत होते, पण असे, बाजूने. आईचा चेहरा असा झाला होता ना. असं वाटलं, मी आत्ता नको म्हणाले तर काहीतरी फुटेल." ती हसली. "मग मी मनात म्हटलं, पाहुणा आहे. एकदा आत घ्यायचा. घेतला. आणि मग तोंडातून काढायला जागाच नव्हती रे कुठे. तिथे ताटाखाली छान कापड घातलं होतं. मग गिळला. मग दुसरा घास."

"आवडलं?"

"चालून गेलं."

तेव्हा ती केवढी होती? दप्तर पाठीवर घेतलं की मागून फक्त पाय दिसायचे, एवढी. त्याने ते टेबल डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पांढरं कापड असणार. कुठलं पांढरं, याचा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्याला शरम वाटली नाही, सवय होती ती. त्या कापडापाशी सगळे घरचे बसलेले, आणि वांगं घरचं, कारण ते रोज व्हायचं. त्या टेबलावर पाहुणं असं एकच कुणीतरी होतं आणि ते एक पाय दुमडून बसायचं विसरलं होतं. मुलांचे डॉक्टर म्हणाले होते, वय वाढलं की जीभ शहाणी होते. एका जेवणात किती वय वाढू शकतं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि तिथे तिच्या उपयोगी पडलं ते काय, तर याने शोधून काढलेला नियम, जो याच्या घरात एकदाही चालला नाही.

मग एक साधा हिशेब त्याच्या ध्यानात आला, इतका साधा की तो वेटरकाकांनीसुद्धा केव्हाच केला असेल. "म्हणजे तेव्हापासून तू सगळं खातेस."

"हळूहळू. हो."

"आणि इथे?"

तिने चमचा भांड्यात ठेवून दिला.

"इथे दर वेळी हे सूप..."

"तू आधीच सांगून ठेवायचास ना," ती म्हणाली. सहज म्हणाली, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. "मी यायचे तर ते समोर. आणि तू किती खूश असायचास बाबा. या वेटरकाकांना सांगायचास, मिरी नको हां, हिला ओळखता येते. असं काहीतरी, अभिमानाने. मग मला वाटायचं, असू दे."

"तुला आवडत नाही हे?"

"सूप?" तिने भांड्यात बघितलं. तळाशी थोडं राहिलं होतं, पातीचे दोन तुकडे कडेला. "खरं सांगू? पिठासारखं लागतं. आज पात होती म्हणून जरा बरं लागलं."

समोरच्या टेबलावर एक बाई मुलाला भरवत होती. मूल तोंड गच्च मिटून मान डावी-उजवीकडे फिरवत होतं, पूर्ण ताकदीने, सगळ्या जगाच्या विरोधात, आणि त्याला त्या मुलाचा हेवा वाटला. तो आपल्या मुलीकडे बघत होता. केस कापले होते, केव्हा? काय शिकणार होती ते तिने सांगितलं होतं, मातीचं काहीतरी, मातीत पाणी किती मुरतं वगैरे; नीट सांग म्हणाला असता तर सांगितलं असतं. तिच्या एकाही मैत्रिणीचं नाव त्याला सांगता आलं नसतं. वाटाणा नको, गाजर नको, बलक नको, कांदा नको, डाग पडलेलं केळं नको: तिच्याबद्दल त्याच्याकडे जे होतं ते सगळं नकारात होतं, आणि ते जपून ठेवलेलं, दर महिन्याला बाहेर काढून पुसलेलं, आणि ती तेवढ्यासाठी महिन्यातून एक दुपार परत लहान व्हायची, पांढरं खायची, त्याने ओळखावं म्हणून. नाटक त्याला कळलं नव्हतं. पेल्यातला निळा त्याला कळला होता, आणि हे कळलं नव्हतं.

तिने हात लांब केला आणि त्याच्या बशीतली एक कड उचलली. चावली. कड करकरीत होती, आवाज झाला. "या मस्त आहेत रे," ती म्हणाली. "तू एकटा खात होतास होय इतकी वर्षं? चोर आहेस." तो हसला. हसताना त्याचा तो दात ठणकला. तिने दुसरी घेतली, तिसरी सुपात बुडवली. इतक्या वेळात पहिल्यांदा ती काहीतरी भुकेने खात होती, आणि बशी रिकामी होत चालली होती, आणि त्याच्याकडे हात ठेवायला काही उरलं नव्हतं. आज तिला काय आवडतं हे विचारावं, असं त्याच्या मनात आलं. नेमकं काय, चालतं ते नाही. पण हा प्रश्न बापाने विचारायचं एक वय असतं, आणि ते तिचं वय नसतं, बापाचं असतं.

"निघायला हवं," ती म्हणाली. "सामान आणायचंय. बादली न् काय काय."

"बादली मी..." तो म्हणाला. "नाही, आण तू. तुझी तू निवडलेली बरी."

ती उठली, पिशवी खांद्याला लावली. आता सूप झालं होतं. आता वाक्याची वेळ होती. जुळवलेलं एकही त्याला आठवेना, म्हणून जे तोंडाला आलं ते त्याने सांडलं. "ते पहिल्या रविवारचं, म्हणजे आता तसं काही नाही म्हणा कागदावर, पण तू तिकडून येणार म्हणजे प्रवास, तर मी तिकडे आलो तरी, किंवा महिन्याआड, इथेच असं नाही, सूपच असं नाही. भेटायचं का?"

ती त्याच्याकडे बघत होती, मान जराशी तिरकी करून, पूर्वी घासाकडे बघायची तशी. त्याला आशा वाटली. ती ‘नको’ म्हणाली असती तरी त्याला वाटलं असतं, ही बगळू. नाकाजवळ नेऊन बघते आहे.

"चालेल," ती म्हणाली.

मग वाकून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच, दोनदा थोपटलं, आणि दारातून बाहेर पडली. काचेतून ती रस्ता ओलांडताना दिसली. मग एक बस मधे आली, आणि बस गेली तेव्हा पलीकडे दुसरीच माणसं होती.

वेटरकाका डुलत आले, भांडं उचललं. आत बघितलं. "संपवलं हो सगळं," ते म्हणाले. "नेहमीसारखं. लेक गुणाची आहे तुमची, टाकत नाही कधी." त्याने मान हलवली. काकांनी फडक्याने टेबल पुसलं, तिच्या बाजूचं आधी. "मग पुढच्या वेळी कसं? कांदा घालायचा ना? आचाऱ्याला सांगून ठेवतो."

आयुष्यात त्याला ज्या थोड्या प्रश्नांची उत्तरं झोपेतही आली असती त्यातला हा एक होता. "तिलाच विचारा," तो म्हणाला, "आली..." आणि पुढे एकच शब्द हवा होता. ‘की’ किंवा ‘तर’. दोन पांढऱ्या पट्ट्या शेजारी ठेवल्यासारखे ते दोन शब्द त्याच्यासमोर होते, खिडकीतला उजेड चांगला होता, आणि आयुष्यभराच्या सरावानंतरही त्याला फरक लागेना.

"आली की," वेटरकाका म्हणाले, आणि भांडं घेऊन गेले.

बशीत एक कड राहिली होती. तिने ठेवली होती की नको म्हणून टाकली होती, कळायला मार्ग नव्हता. त्याने ती खाल्ली. जराशी करपलेली होती, कडू होती. पण आता त्याच्या जिभेला कडू फारसं लागत नसे.